नापास जवानांना अजून पळवू? आधी त्यांचं ओझं मोजा

प्रश्न : मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. पायदळात हवालदार आहे, कंपनीची पीटी माझ्याकडे असते. मागच्या बीपीईटीत (लढाईच्या सामानासह होणारी शारीरिक क्षमता चाचणी) आमचे चौदा जण 5 किलोमीटरमध्ये नाहीतर दोरावर नापास झाले. कंपनी कमांडर साहेबांनी आठ आठवडे दिलेत. सकाळची पीटी सगळ्यांबरोबर होतेच. वर मी या पोरांना रोज संध्याकाळी बूट, पिठ्ठू (पाठीवरची सॅक), रायफल घेऊन 5 किलोमीटर पळवतो, मग दोर आणि पुश-अप. तीन आठवडे झाले. दोघं नडगी दुखते म्हणून सिक रिपोर्टला (आजारी म्हणून डॉक्टरकडे) गेले. एक पोरगा 29 मिनिटांत यायचा, तो आता साडेतीस घेतोय. काही जण म्हणतात, रगडा (शिक्षेची कसरत) कमी पडतोय. मला उलटं वाटतंय, पण कमी केलं तर उस्ताद ढिला पडला म्हणतील. काय करू?

उत्तर :

हवालदारसाहेब,

तुम्हाला वाटतंय तेच खरं आहे. पण बाकीचं नंतर, आधी नडगीवाल्या दोघांचं बघू.

त्यांना खाली बसवा, बूट-मोजे काढायला लावा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली न्या. दुखणं वीतभर पसरलेलं असेल, पळायला लागल्यावर दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं असं तो सांगत असेल, तर बहुधा हाडावरचं आवरण सुजलंय. थोडे दिवस पळणं थांबवलं की ते उतरतं. पण रुपयाएवढ्या एकाच जागी अंगठा टेकला की पोरगा पाय ओढून घेतोय, त्या पायावर लंगडी घालता येत नाही, रात्री पडल्या पडल्याही ठणकतंय, असं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, धरून चाला आणि आरएमओ साहेबांकडे (पलटणीच्या डॉक्टरांकडे) पाठवा. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच फालिनमध्ये, म्हणजे परेडच्या रांगेत, उभा करू नका. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि कुणी जांघेत दुखतं म्हणाला तर तुम्ही तपासत बसू नका, त्याच दिवशी एमआय रूम (पलटणीचा दवाखाना). खुब्याच्या हाडाच्या मानेतली चीर सरकली तर प्रकरण ऑपरेशनवर जातं.

हे दुखणं नेमकं तिसऱ्या आठवड्यात का आलं, त्याला कारण आहे. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. रस्त्याला पॅच मारताना आधी जुनं डांबर उखडतात, तसंच. खरवडणं लवकर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे नवीन मेहनत सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हाड आधीपेक्षा कच्चं असतं. दम मात्र तोवर सुधारलेला असतो, पोरगा जोरात पळायला लागलेला असतो आणि आपण खूश होऊन अजून वाढवतो. म्हणून नापासांसाठीच्या कुठल्याही रेमेडियल कार्यक्रमात तिसरा आठवडा हलका ठेवायचा, हा माझा ठाम आग्रह आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रावरून हिशेब मांडतो. रविवार सोडला तर आठवड्याला 30 किलोमीटर, तेही वजन घेऊन, आणि हे सगळं सकाळच्या पीटीच्या वर. शिवाय ड्रिल, वर्किंग पार्टी, गेम्स परेड, रात्रीची गार्ड. म्हणजे कंपनीतल्या सर्वांत कच्च्या चौदा जणांवर सर्वांत जास्त ओझं पडलंय आणि जे एक्सलंट आलेत ते संध्याकाळी आराम करतायत. रेमेडियल म्हणजे 'आहे त्याच्या वर अजून' अशी जी पद्धत पडली आहे, घोळ तिथेच आहे. नापास जवानाला वेगळं द्या, आणि ते जे आहे त्याच्या जागी द्या.

साहेबांसमोर मांडायला दोन दाखले देतो. अमेरिकी मरीन कोअरच्या सॅन डिएगो इथल्या प्रशिक्षण केंद्रात 1990च्या दशकात रिक्रूटांचं 12 आठवड्यांतलं एकूण पळणं सुमारे 55 मैलांवरून 33 मैलांवर आणलं. स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि 3 मैलांच्या शेवटच्या चाचणीत सरासरी वेळ वाढला तो जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या आसपास. दुसरा दाखला इस्रायली सैन्याचा. पायदळाच्या रिक्रूटांमधल्या स्ट्रेस फ्रॅक्चरशी ते पंचवीसेक वर्षं झगडले, बूट बदलून पाहिले, सोल बदलून पाहिले. मोठा फरक पडला तो दोन गोष्टी सक्तीच्या केल्यावर: किमान 6 तास झोप, आणि एकूण चालण्या-मार्चिंगमध्ये कपात. प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घसरलं. ही दोन्ही सैन्यं पोरांचे लाड करणारी म्हणून ओळखली जात नाहीत.

तेव्हा उद्या मैदानावर जायच्या आधी वही घ्या आणि चौदा नावं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर लिहा, कशात नापास, किती फरकाने, आणि का. 'का' म्हणजे आळशी, असं लिहून मोकळं व्हायचं नाही. दोन महिन्यांची सुट्टी काढून परत आलाय? मध्ये टायफॉइड, डेंग्यू, कावीळ झाली होती? स्टोअरमध्ये किंवा गाडीवर बसून वर्ष गेलंय? वजन वाढलंय? आठवड्यात किती रात्री गार्ड? घरी काही बिनसलंय? माझ्याकडे येणाऱ्या वर्दीतल्या पोरांत 'दम लागतो' म्हणणाऱ्या एखाद्याचं हिमोग्लोबिन तपासलं की तिथेच उत्तर मिळतं, त्याला कितीही पळवला असता तरी तो सुधारला नसता. आणि भरती अकादमीत 1600 मीटरचा एकच ध्यास घेऊन आलेला पोरगाही असतो. त्याला दम आहे, पण पाठीवर वजन घेऊन 5 किलोमीटर जायला पाय कधी तयारच झालेले नाहीत. त्याचा इलाज वेगळा.

वही भरली की दिसेल, चौदांपैकी काही जण फक्त दोरावर अडकलेत. त्यांना तुम्ही रोज 5 किलोमीटर कशासाठी पळवताय? त्यांना पळण्यातून आजच काढा.

आता पळणारे. सकाळी सगळी कंपनी एका टोळीत पळते ना? त्यात मधल्यांना बरोबर व्यायाम होतो, पुढच्यांना होतच नाही, आणि शेवटच्या पोरांची रोज चाचणीच होते. ते रोज जिवाच्या करारावर पळतात आणि रोज सगळ्यांदेखत मागे पडतात. यांना सकाळच्या रनमधून बाहेर काढून वेगळी तुकडी करा आणि संध्याकाळचा तास बंद करा. ही परवानगी साहेबांकडून मिळवणं हे तुमचं सगळ्यात मोठं काम. पुढचं त्या मानाने सोपं आहे.

वेगळ्या तुकडीला आठवड्यात तीनच दिवस पळणं. एक दिवस जोराचा, एक दिवस सावकाश लांब, एक दिवस पिठ्ठूचा. सलग दोन दिवस कधीच नाही.

जोराच्या दिवशी पीटी ड्रेस, पायात पीटी शूज, मैदानावर आखलेला 400 मीटरचा चक्कर. पास व्हायचं तर 28 मिनिटांत 5 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 36 सेकंद, म्हणजे एका चक्कराला साधारण 2 मिनिटं 14 सेकंद. हा आकडा पोरांच्या डोक्यात बसू द्या. बरेच जण दमाने नापास होत नाहीत, पहिल्या किलोमीटरला घोळक्याबरोबर पावणेपाचात सुटतात आणि तिसऱ्याला चालायला लागतात. जोराच्या दिवशी चक्कर 2 मिनिटं ते 2.05 मध्ये मारायचा, मग तेवढाच वेळ चालायचं, की पुन्हा. पहिल्या आठवड्यात असे चार, सहाव्यापर्यंत सात-आठ. त्याहून जास्त नको. अगदीच कच्चा असेल तर अमेरिकी सैन्याची एक पद्धत आहे ती वापरा, 30 सेकंद जोरात, 60 सेकंद चालणं. सहापासून सुरू करून दहापर्यंत न्या. शेवटच्या चक्कराचा वेळ पहिल्यापेक्षा पाच-सात सेकंदांनी घसरला की त्या दिवशी त्याचं काम संपलं. बाकीच्यांचे चक्कर राहिलेत म्हणून त्याला ओढायचं नाही.

सावकाश दिवस उस्तादांना सगळ्यात जड जातो, कारण तो पाहणाऱ्याला आळशीपणा वाटतो. पळता पळता शेजाऱ्याशी सलग दोन वाक्यं बोलता यावीत एवढाच वेग. 25 मिनिटांपासून 40 पर्यंत, मातीवर किंवा गवतावर. घड्याळ खिशात ठेवा, वेळ कुणाला सांगू नका, नाहीतर शर्यत लागते.

पिठ्ठूच्या दिवशी पहिले तीन आठवडे फक्त झपाझप चालणं, निम्म्या वजनापासून सुरुवात. चौथ्यापासून वजन पूर्ण, आणि सपाटीवर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. वजन आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. पूर्ण 5 किलोमीटर बॅटल ऑर्डरमध्ये (बूट, पिठ्ठू, रायफलसह) या आठ आठवड्यांत दोनदाच पळवायचं, पाचव्याच्या शेवटी आणि सातव्याच्या सुरुवातीला. रोज परीक्षा घेऊन कुणी पास होत नाही, अभ्यासाला वेळच उरत नाही.

दोरावर अडकलेल्यांची गोष्ट निराळी. निम्मे जण ताकदीने अडकतच नाहीत, पायांनी अडकतात. दोर एका बुटाच्या कडेवरून घेऊन दुसऱ्या बुटाने वरून दाबायचा आणि पायांवर उभं राहायचं, हे ज्याला आलं नाही तो सगळं वजन मनगटावर घेतो. हे जमिनीपासून दोन फुटांवर, शांतपणे, दहा-दहा वेळा शिकवा. आज वरपर्यंत जायचंच नाही असं सांगून टाका, भीती निम्म्याने उतरते. ज्यांची ताकदच कमी आहे त्यांना बीमखाली (चिन-अपचा आडवा बार) स्टूल ठेवून वर चढवा, हनुवटी बीमच्या वर, आणि पाच मोजत सावकाश खाली येऊ द्या. तीन-चार वेळा, दिवसातून दोन-तीनदा, एक दिवसाआड. लंगरकडे जाताना बीम लागत असेल तर जाता-येता दोन मारायला लावा. हात थरथरून सुटेपर्यंत नाही. आणि एकाच दिवशी शंभर पुश-अप, शंभर चिन-अप असला पराक्रम तर मुळीच नको. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम एवढं पिळलं की स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड धोक्यात येतं. दंड सुजून कोपर सरळ होत नाही, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. असं दिसलं की पाणी पाजत बसू नका, थेट हॉस्पिटल.

यातच एक गोष्ट आपल्या भागातल्या पोरांसाठी. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर, विदर्भाचा बराच पट्टा, इथल्या काही समाजांत सिकल सेलचं वाहक असणं सर्रास आढळतं. वाहकाला एरवी काही होत नाही, तो उत्तम सैनिक होऊ शकतो. पण उन्हात, अंगात पाणी कमी असताना, मध्ये थांबू न देता त्याला जोरात पळवलं तर तो स्नायू फुटण्याच्या दुखण्यात इतरांपेक्षा लवकर सापडतो. त्याचे पाय आधी ढिले पडतात, 'पायात ताकदच नाही' म्हणत तो खाली बसतो, आणि आपल्याला वाटतं सोंग करतोय. असा बसलेला पोरगा उठवू नका. सावली, पाणी, डॉक्टर. हे वाहक असणं कुणाला चारचौघांत विचारू नका. आरएमओ साहेबांशी बोला, त्यांच्याकडे नोंद असेल किंवा ते तपासून घेतील.

उन्हाचं तुम्हाला मी काय सांगणार. तरी एवढंच, सुट्टीवरून महाबळेश्वरच्या खोऱ्यातून थेट मैदानी उन्हाळ्यात उतरलेल्याला अंग सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर त्याचा जोराचा दिवस पहाटे आणि निम्मा. आणि कुणी बरळायला लागला, तिरका पळायला लागला, तर गाडीची वाट पाहत उभं राहू नका. आधी जागेवरच बादल्यांनी भिजवा, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत-जांघेत लावा, सोबत गाडी मागवा. डोकं तापलेला माणूस वाटेत जातो तो थंड न केल्यामुळे.

खाण्याकडेही जरा बघा. श्रावण, नवरात्र, सोमवार, गुरुवार, एकादशी... आपल्या पोरांचे उपास असतात आणि ती सांगत नाहीत. दिवसभर चहा आणि चार केळ्यांवर असलेला पोरगा संध्याकाळी पिठ्ठू घेऊन कसा पळणार? उपास सोडायला लावू नका, त्याच्या जोराच्या दिवसाची अदलाबदल करा. वजन कमी करायचंय म्हणून रात्रीची चपाती बंद केलेले महाभागही असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर ठीक, त्याहून वेगाने उतरलं तर पळण्याची ताकदही उतरते. हिमोग्लोबिन कमी निघालेल्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्यावा.

जास्त झालंय हे ओळखायचं कसं? वहीत रोज तीन गोष्टी लिहायला सांगा. सकाळी उठून बसायच्या आधी पडल्या पडल्या मोजलेली नाडी, रात्री झोप किती तास, आणि अंग कसं आहे, पाचपैकी किती. नाडी त्याच्या नेहमीच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त, सलग तीन सकाळी, तर त्याला दोन दिवस मोकळे. एका दिवसाच्या नाडीवरून निर्णय नको, रात्री गार्ड असली तरी ती चढते. पण कागदापेक्षा तुमचा डोळा महत्त्वाचा. लंगरमध्ये ताट अर्धं टाकतोय, बारीकसारीक बोलण्यावरून चिडतोय, पडसं जात नाही, आणि मेहनत तेवढीच असून वेळ वाढतोय. तुमचा 29 वरून साडेतीसवर गेलेला पोरगा यातच आहे. त्याची गाडी रुळावर आणायची तर एक आठवडा निम्मं काम द्या, जोराचा दिवस पूर्ण बंद, एकही रात्र गार्ड नको. दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा वेळ लावून बघा. सुधारला तर थकवाच होता. नाही सुधारला तर रक्त तपासायला पाठवा.

राहिला रगडा. शिस्तीसाठी रगडा लावायचा की नाही हा तुमच्या पलटणीचा मामला, मी त्यात पडत नाही. मात्र नापास झाला म्हणून रगडा आणि पास व्हावा म्हणून ट्रेनिंग या दोन गोष्टी एकाच मैदानावर, एकाच तासात करू नका. फ्रंट रोल मारून आलेल्या पोराचा 400 मीटरचा चक्कर कशाचंच मोजमाप नसतो. शिवाय दुखणं सांगितलं की शिक्षा होते हे कळलं, की पोरं दुखणं लपवतात आणि मग चीर पडलेलं हाड मोडेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. सिक रिपोर्टला गेलेल्या दोघांना इतरांसमोर काही बोलला असाल तर तेवढं निस्तरा.

साहेबांकडे जाताना 'पोरं थकलीत' हे वाक्य बोलू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. एक कागद न्या. त्यावर चौदा नावं, कारणं, आजची वेळ. तीन आठवड्यांत किती सुधारले, किती घसरले, किती सिक. आणि पुढच्या पाच आठवड्यांचा तक्ता. आठपैकी तीन आठवडे गेलेत, त्यामुळे मी वर दिलेलं सगळं तसंच्या तसं बसणार नाही. येणारा आठवडा हलका घ्या, मग चक्करांची संख्या आणि वजन जिथवर सुखाने जाईल तिथवरच न्या, आणि पूर्ण 5 किलोमीटर एकदाच पळवा, चाचणीच्या दहा-बारा दिवस आधी. कोण पास होईल, कोणाला अजून महिना लागेल आणि कोणाला मेडिकलकडे न्यायला हवं, हेही त्याच कागदावर लिहा. 29-30 मिनिटांवाले या वेळात बसतील असं मला वाटतं. 33-34 वाला बसणार नाही, त्याला बसवायला गेलात तर तो हाड मोडून घेईल. चौदापैकी चौदा पास करतो असं वचन देऊन येऊ नका.

शेवटचे सात दिवस पळणं निम्म्यावर आणा, फक्त वेग तोच ठेवा. बुटांचे नवे जोड त्या आठवड्यात कुणाला घालू देऊ नका. आणि ड्युटी लिहिणाऱ्याला आत्ताच गाठून ठेवा, चाचणीच्या आदल्या दोन रात्री या पोरांची नावं गार्डच्या यादीत येता कामा नयेत. ते काम शेवटच्या क्षणी होत नाही.